उलटा हात

सासूबाईंचं तिसरं बोट भाजलं तेव्हा माझी बायको म्हणाली, "आता नसांच्या डॉक्टरकडे नेऊ या. आईच्या बोटांना काही कळेनासं झालंय."

कळत सगळं होतं. म्हातारीच्या बोटांना जेवढं कळत होतं तेवढं आमच्या घरात कुणाच्या डोक्यालाही कळत नव्हतं. पण मी कोणत्या तोंडाने बोलणार? मी "नेऊ" म्हणालो आणि मलमाची ट्यूब शोधायला लागलो. पाच आठवडे मलम लावायचं काम माझ्याकडे होतं. बायको शाळेत शिकवते, सकाळी सातला घर सोडते. मी कामावर जाणं बंद केलं होतं. दिवसभर घरात मी आणि सासूबाई, एवढेच.

मेहुणा जाऊन पाच आठवडे झाले होते. बायकोचा धाकटा भाऊ, चौतीस वर्षांचा, अंगाने इतका वाळका की सगळे त्याला सुतळी म्हणायचे. खरं नाव त्याच्या आईला आणि सरकारला तेवढं माहीत. मी वायरमन, तोही वायरमन, त्याला हे काम मीच शिकवलेलं. बारा वर्षं आम्ही जोडीने काम केलं. मला दाजी म्हणायचा आणि माझ्या टकलावरून चारचौघांत माझीच फिरकी घ्यायचा. दवाखान्यांच्या चादरी धुण्याचा एक कारखाना आहे, तिथे करंट लागून तो गेला. मी तिथेच दहा पावलांवर उभा होतो.

सासूबाई आणि सुतळी आमच्यासोबतच राहायचे. त्या दिवशी सकाळी माय-लेकांचं वाजलं होतं. विषय नेहमीचा, लग्न. मुलीकडचे संध्याकाळी येणार होते आणि सुतळी म्हणाला, मी घरी थांबणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "मग परत तोंड दाखवू नकोस मला." तो चपला घालता घालता म्हणाला, "तुझ्या कटकटीपायी एक दिवस जीव देईन बघ." असलं बोलणं घराघरात चालतं. मी स्वतः हजारदा बोललोय आणि अजून धडधाकट आहे. पण हा बोलला आणि चार तासांत गेला. दोनच दिवसांनी कारखान्यातली चादरींच्या घड्या घालणारी बाई भेटायला आली, आणि तिच्या जिभेला काही हाड नाही. ती सासूबाईंना म्हणाली, "तार घट्ट धरून होता हो. डोळे उघडे. आमच्याकडे बघत होता. ओरडला नाही की हात सोडला नाही."

झालं. म्हातारीने ते शब्द काळजाशी धरले. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेलो तर त्या तापलेल्या तव्याची कड चिमटीत धरायला बघत होत्या. बोटं लागली की हात झटकन मागे यायचा. पुन्हा लावायच्या, पुन्हा मागे. मी गॅस बंद केला तर अगदी शांतपणे म्हणाल्या, "माझा हात सुटतो. मी धरायचं ठरवलं तरी सुटतो. मग त्याचा कसा सुटला नाही? किती ठरवलं असेल माझ्या पोराने."

म्हणजे पोराने आपल्यावर रागावून जीव दिला, असं त्यांनी धरून ठेवलं होतं, आणि रोज तव्यापाशी उभं राहून त्याची खात्री करून घेत होत्या. एक बोट, दुसरं बोट, तिसरं बोट. जेवण अर्ध्यावर आलं होतं. दुपारी मी त्यांच्यासमोर ताट ठेवायचो आणि त्या ताटाकडे असं बघायच्या की जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे.

आणि खरं काय ते मला माहीत होतं. मला एकट्यालाच.

आमच्या धंद्यातले दोन नियम आधी सांगतो, मग मी केवढं शेण खाल्लं ते कळेल. पहिला नियम असा की मशीन उघडण्याआधी जोडीदाराने पेटीतून त्या मशीनचे तिन्ही फ्यूज उपसायचे, मशीनवर बसलेल्याला वर करून दाखवायचे आणि खिशात घालायचे. 'काढलेत' असं नुसतं तोंडी सांगितलेलं चालत नाही. दुसरा नियम, तार धरण्याआधी उलट्या हाताने, म्हणजे बोटांच्या पाठीने, जरा शिवून बघायची. तळव्याने कधीच नाही. शिकलेले लोक या नियमाला नाकं मुरडतात, टेस्टर वापरा म्हणतात. वापरतो की. पण टेस्टरचा दिवा कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून जुन्या लोकांचा उलटा हात. मी सुतळीला पहिल्या दिवशी हेच शिकवलं, आणि त्याने घरी जाऊन आईला शिकवलं. फ्रिजच्या दाराला मुंग्या येतात असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा त्यांचा हात धरून दाखवलं होतं त्याने, असा लाव, असा नाही.

वर्षापूर्वी मी या दोन नियमांची आपसात मारामारी लावली. मी फ्यूज वर करून दाखवले होते, तरी सुतळीने उलटा हात लावून बघितला, आणि माझं टाळकं सरकलं. "फ्यूज दाखवल्यावर परत शिवून बघतोस? माझ्यावर भरवसा नाही का रे?" चार माणसांसमोर बोललो. तो हसला, म्हणाला, "चुकलो दाजी." त्या दिवसापासून मी फ्यूज दाखवले की तो सरळ तळव्याने तार धरायचा. मला त्याचा केवढा मान वाटायचा. गाढवाला गुळाची चव काय?

तर त्या दिवशी कारखान्यात दोन नंबरचा ड्रायर बंद पडला होता. तिथे असे पाच आहेत, माणूस उभा मावेल एवढे. पेटीतला कोणता फ्यूज कोणत्या मशीनचा ते मला पाठ, अकरा वर्षं माझा हात तिथे जातोय. पण महिन्यापूर्वी तीन नंबरला नवी मोटर बसवताना दोन आणि तीनच्या वायरींची अदलाबदल झाली होती, आणि ती मीच केली होती. पेटीच्या दारावर खडूने लिहून ठेवायचं राहिलं. उद्या लिहू, उद्या लिहू. त्या दिवशी मी पेटीपाशी उभा राहून सुतळीची खेचत होतो, हात सवयीने जुन्या जागी गेला, तीन फ्यूज उपसले, वर करून दाखवले. सुतळीने बघितलं, मान हलवली आणि मशीनच्या मागे हात घातला.

त्याची मूठ वळली. मान जराशी माझ्याकडे फिरली. आणि मी काय केलं असेल? मी हसलो. फ्यूज माझ्या हातात होते ना. सुतळीला असली सोंगं करायची खोड होती, करंट लागल्याचं नाटक करून मला घाबरवायचा, मग आठवडाभर त्याची नक्कल करून सगळ्यांना दाखवायचा. मी म्हणालो, "पुरे झाली नाटकं." मशिनींच्या घरघरीत ते कुणाला ऐकू गेलं नाही. घड्या घालणाऱ्या बाईच्या हातात चादर होती, तिने तिची घडी पुरती संपवली, एवढा वेळ गेला. मग मला वास आला आणि मी मेन स्विच खाली ओढला.

सगळे त्याच्याभोवती जमले होते, कुणी छाती दाबत होतं, कुणी गाडी बोलवत होतं. त्या गडबडीत मी पेटीपाशी गेलो आणि हातातले तिन्ही फ्यूज परत जागेवर बसवले. नंतर विचारणाऱ्यांना सांगितलं, मी फ्यूज काढायच्या आधीच त्याने हात घातला. फ्यूज उपसताना हात सवयीने गेला होता असं एक वेळ म्हणता येईल. परत बसवताना मात्र माझं डोकं पूर्ण जागेवर होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या झाकल्या मुठीने एक म्हातारी रोज जळत होती, आणि मी तिला मलम लावत होतो.

नसांचे डॉक्टर वयस्क होते, सतत खोकायचे आणि खोकून झालं की आपणच आपल्याला "पुरे आता" म्हणायचे. खोलीत एक उंच बाक, त्यावर फाटकी गादी, टेबलावर प्लास्टिकचा पाठीचा कणा. त्यांनी सासूबाईंच्या बोटांवर कापूस फिरवला, टाचणी टोचली, डोळे मिटायला लावून विचारलं कुठे टोचतंय. सगळी उत्तरं बरोबर. मग पाय लोंबकळत बसवून गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय उडाला.

"तुम्ही उडवलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्याचा तो उडाला."

"नसा उत्तम आहेत. मग बोटं कशाने भाजली?"

बायको काहीतरी सांगायला लागली, पण सासूबाईंनी तिला हाताने थांबवलं आणि स्वतःच सांगितलं. तवा, पोरगा, तार, सगळं. आवाज जरासुद्धा हलला नाही. शेवटी म्हणाल्या, "मला एवढंच सांगा डॉक्टर. माणूस ठरवून हात धरून ठेवू शकतो का?"

मला वाटलं डॉक्टर धीर देतील, मोकळे होतील. पण तो माणूस सरळ होता. त्याने प्लास्टिकचा कणा उचलून मांडीवर घेतला.

"तव्याचं बोलायचं तर थोडा वेळ धरू शकतो," ते म्हणाले. "चटका बसला की बोटातून निरोप निघतो. तो निघतो मज्जापेशीतून. पेशी म्हणजे आपल्याला बारीक ठिपका वाटतो, पण हिची शेपटी बोटाच्या टोकापासून इथपर्यंत, मणक्यापर्यंत येते. एकच पेशी, एवढी लांब. मणक्यात ती दुसरीला सांगते, दुसरी स्नायूला सांगते, हात मागे. हा निकाल मणक्यातच लागतो. मेंदूला बातमी मागाहून कळते. याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात."

"म्हणजे मेन ऑफिसला न विचारता खालच्या खाली," मी म्हणालो. मला गप्प बसवत नाही, तो रोगच आहे.

"अगदी बरोबर. पण मेन ऑफिस अडवूही शकतं. हातात गरम भांडं आहे आणि खाली लेकरू बसलंय, तर आई भांडं टाकत नाही. मेंदू वरून ओरडतो, थांब. म्हणून तर यांची बोटं भाजली. यांनी मेंदूला ओरडायला लावलं."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे धरता येतं."

"तवा धरता येतो. करंट नाही. करंटच्या बाबतीत धरणं आणि सोडणं हा प्रश्नच उरत नाही." डॉक्टर उठले, कोपऱ्यातलं एक छोटं यंत्र घेऊन आले. लकवा झालेल्या हातांना हलवायला ते वापरतात म्हणे. "नसांतून जे निरोप जातात तेही एक प्रकारची वीजच असते, फार बारीक. एक पेशी संपली की मधे फट असते, तिथे औषधासारखा थेंब सुटतो, तो पुढच्या पेशीला जागं करतो."

"मधे फट?" मी म्हणालो. "आम्ही असा जोड ठेवला तर हातातली पकड-टेस्टर काढून घेतील."

"तुमच्यापेक्षा चांगला चालतो," डॉक्टर म्हणाले आणि खोकले. "पुरे आता. आजी, हात द्या."

त्यांनी सासूबाईंच्या कोपराखाली दोन ओल्या चकत्या बांधल्या आणि बटण हळूहळू फिरवलं. म्हातारीची बोटं एकेक करून वळली, भाजलेली तिन्हीसुद्धा, आणि मूठ झाली.

"उघडा," डॉक्टर म्हणाले.

त्या प्रयत्न करत होत्या. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. मूठ तशीच.

"उघडा की. ठरवा, उघडायचीच म्हणून."

"उघडत नाही." पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटला. "मी उघडते आहे, ती उघडत नाही."

"हा तर खेळण्यातला करंट. तुमच्या मुलाला लागलेला याच्या कितीतरी पट. बाहेरची वीज स्नायूला सेकंदाला शंभरदा 'आवळ' म्हणते, आतून मेंदूने 'सोड' म्हटलेलं त्या गोंगाटात कुठे ऐकू येणार? बोटं मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा ताकदीचे, म्हणून मूठच होते. छातीचे स्नायूही आवळतात, म्हणून ओरडता येत नाही. त्याने धरलं नव्हतं आजी. त्याला धरलं होतं."

त्यांनी बटण बंद केलं. मूठ आपोआप सैल झाली. सासूबाई आपल्या तळव्याकडे बघत बसल्या आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा रडल्या. बायकोही रडली. मीही तोंड फिरवून घेतलं. वाटलं, सुटलो. विज्ञानाने परस्पर काम केलं, आता माझी मूठ उघडायची गरज नाही. चोर तो चोर आणि वर देवाचे आभार.

निघता निघता डॉक्टर मला म्हणाले, "तुमचे वायरमन लोक बोटांच्या पाठीने शिवून बघतात ना? हेच कारण. तसा करंट लागला तर मूठ वळताना बोटं तारेपासून लांब जातात. तळवा लावला तर त्याच तारेवर मिटतात."

मी मान हलवली. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं.

त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. बायको इतकी खूश झाली की डॉक्टरांना पत्र लिहायचं म्हणत होती. तीन दिवस तवा फक्त स्वयंपाकापुरता तापला. मी कामावर परत जायचं बोलूही लागलो.

चौथ्या दिवशी सुट्टी होती. बायको बाहेरच्या खोलीत वह्या तपासत बसली होती. मी पाणी प्यायला आत गेलो तर सासूबाई तव्यापाशी. या वेळी डावा हात. चार बोटं कडेवर ठेवलेली, दात आवळलेले, आणि हात मागे येत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, मेंदूला ओरडायला लावलं की धरता येतं. तेवढं त्यांनी बरोबर लक्षात ठेवलं होतं.

मी मनगट धरून हात ओढला, नळाखाली धरला. त्यांनी ओढू दिला.

"आई, डॉक्टरांनी दाखवलं ना तुम्हाला? सुटतच नाही तो."

"ते पटलं मला," त्या म्हणाल्या. "लागल्यावर सुटत नाही. पण लागायच्या आधी? त्याने उलटा हात का नाही लावला? मला शिकवलं होतं त्याने. माझ्यासारख्या अडाणी बाईला लक्षात आहे, त्याला नव्हतं? तळवा लावला की सुटत नाही हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तळवा लावला."

नळाचं पाणी चालू होतं. मी म्हणालो, "घाई झाली असेल."

"तुम्ही म्हणाला होता, फ्यूज काढायच्या आत त्याने हात घातला. करंट चालू आहे हे माहीत असताना तळवा घातला. आता तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं? मी म्हणाले ना त्याला, तोंड दाखवू नकोस. ऐकलं त्याने माझं. एरवी कधी ऐकलं नाही."

डॉक्टरांनी दिलेला आधार त्यांनी उलटा करून परत गळ्यात बांधून घेतला होता, आणि त्याची गाठ माझ्या खोट्याने मारलेली होती. मी नळ बंद केला. आता बोललो नाही तर ही बाई दोन्ही हात घालवेल, आणि हात संपले की आणखी काही घालवेल, हे मला स्वच्छ दिसलं. सत्तावीस वर्षांच्या धंद्यात मी इतका कधी घाबरलो नव्हतो.

"त्याला करंट चालू आहे हे माहीत नव्हतं," मी म्हणालो. "मी फ्यूज काढले होते. वर करून दाखवले होते. त्याने बघितलं, मान हलवली. पण ते फ्यूज दुसऱ्या मशीनचे होते. वायरी मीच बदलल्या होत्या आणि मीच विसरलो. आणि त्याने उलटा हात लावला नाही कारण वर्षापूर्वी मी त्याला त्यावरून चारचौघांत झापलं होतं. त्याने माझ्यावर भरवसा ठेवला, आई. दुसरं काही केलं नाही त्याने."

एकदा उपसायला लागलो तसं सगळंच आलं. मी हसलो ते. नाटकं पुरे म्हणालो ते. चादरीची घडी. फ्यूज परत बसवले ते. आणि एक गोष्ट, जी सांगितली असती तर म्हातारीचं पहिलं बोटसुद्धा भाजलं नसतं, पण त्या दिवसातलं एक वाक्य बाहेर काढलं तर बाकीचं मागोमाग येईल या भीतीने मी गिळून बसलो होतो.

"सकाळी गाडीवर मागे बसल्यावर तो मला म्हणाला होता, दाजी, आज चारला सुटू. म्हातारीने पाहुणे बोलावलेत, दाढी करायला हवी. नाही म्हणालो तिला, पण जाईन. तिचं तोंड पडलेलं बघवत नाही."

सासूबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. ओल्या हातातून पाणी ठिबकत होतं.

"चारला येणार होता," त्या म्हणाल्या.

"हो."

"दाढी करून."

"हो."

मग त्यांनी वर बघितलं. "पाच आठवडे तुम्ही माझ्या बोटांना मलम लावताय."

"हो."

"हात हातात घेऊन. फुंकर घालून."

शिव्या दिल्या असत्या तर मी झेलल्या असत्या. मला तिथे उभं राहवेना. गॅस अजून चालू होता, तवा तापून पांढुरका झाला होता. मी माझा उजवा तळवा उचलला आणि तव्यावर ठेवला. ज्याने फ्यूज उपसले आणि ज्याने परत बसवले, तोच हात. मनाशी पक्कं केलं होतं, उचलायचा नाही. सुतळीएवढा वेळ तरी ठेवायचा, एका चादरीची घडी होईपर्यंत.

मला कळायच्या आत हात मागे आला होता. त्याला माझ्या निश्चयाशी काही देणंघेणं नव्हतं. मी एवढा नालायक माणूस, तरी माझा मणका मला न विचारता माझी काळजी घेत होता. याची मला जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कशाची वाटली नाही. मी दात खाऊन हात पुन्हा खाली नेला.

तो तव्याला टेकायच्या आत मधेच सासूबाईंचा हात आला. उलटा, भाजलेल्या चार बोटांचा, आणि त्याने माझा हात फाडकन बाजूला उडवला. तवा ओट्यावर घसरला, त्याचा मोठा आवाज झाला.

आम्ही दोघंही त्यांच्या त्या हाताकडे बघत राहिलो.

"हे मी नाही केलं," त्या म्हणाल्या. "हात गेला."

"हो, आई."

"माफ केलं असं समजू नका."

"नाही समजत."

त्यांनी गॅस बंद केला. ओट्याखालचं स्टूल पायाने ओढून घेतलं आणि त्यावर बसल्या. बाहेरच्या खोलीतून बायकोने विचारलं, "काय पडलं गं आई?"

सासूबाईंनी दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले आणि मला म्हणाल्या, "आता तिला हाक मारा. मला सांगितलंत तसंच तिला सांगा, पहिल्यापासून. दाढीचं शेवटी सांगा."

मी हाक मारली.